नटाला बसेल असा पाना

शास्त्रपाठ : १ शमुवेल १६:१-१३, योहान ४:१-४२



शमुवेल संदेष्टा तेलाचे शिंग घेऊन इशायाच्या घरी गेला, तेव्हा थोरला अलियाब समोर येताच त्याच्या मनाने निकाल देऊन टाकला. उंची होती, रूप होते, आणखी काय हवे? देवाने त्याला तेथेच थांबवले. शमुवेल काही सामान्य मनुष्य नव्हता. लहानपणापासून देवाची वाणी ओळखणारा तो. तरी बाहेरच्या आकारावरून आतले ओळखण्याची घाई त्यालाही झाली.

हा पाठ संडे स्कूलच्या मुलांना आपण दरवर्षी शिकवतो. आज तो मी एका मोटारीच्या इंजिनावरून मांडणार आहे, कारण आपल्या मंडळ्यांत गॅरेजमध्ये व वर्कशॉपमध्ये राबणारे पुष्कळ बंधू आहेत, आणि त्यांच्या हातात जे ज्ञान आहे त्याचा उपयोग व्यासपीठावरून फारसा होत नाही.

इंग्लंडात विल्यम मॉरिस हे ऑक्सफर्ड येथे मोटारी बनवीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉचकिस ही फ्रेंच कंपनी कॉव्हेंट्री शहरात येऊन मशीनगन बनवू लागली होती. युद्ध संपले, बंदुकांची मागणी थांबली, तेव्हा त्या कारखान्याने मॉरिस यांच्यासाठी इंजिने बनवावयास घेतली. आणि १९२३ साली मॉरिस यांनी तो कारखानाच विकत घेतला. आता अडचण अशी की, तेथील यंत्रे फ्रेंच मापाची. त्यांवर पडणारे आटे मिलिमीटरचे. पण इंग्लंडातील मिस्त्रीच्या पेटीत पाने असत ते व्हिटवर्थ मापाचे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली सुचवलेले हे माप तोवर देशभर रूढ झाले होते. यंत्रे बदलणे खर्चाचे, आणि मिस्त्रीला नवे पाने घ्यावयास लावणे त्याहून अवघड. तेव्हा कारखान्याने तोड काढली. आटे फ्रेंचच ठेवले, पण नटाचे षट्कोनी अंग मिस्त्रीच्या हातातील पान्याला बसेल असे केले. बाहेरून इंग्रजी, आतून फ्रेंच!

ही रीत पुढे अनेक वर्षे चालली. १९३८ साली निघालेल्या मॉरिस टेन मोटारीच्या इंजिनात व त्याच घराण्यातल्या एम.जी. टीसीच्या इंजिनात असेच नट आहेत. आपल्याकडे ओखा बंदरात ज्या हिंदुस्तान १० मोटारीची जुळवणी होत असे, ती या मॉरिस टेनवरच बेतलेली होती. जुन्या गाड्या हौसेने जपणारे लोक आजही या नटांपाशी अडतात.

कसे अडतात ते पाहा. आजच्या गॅरेजमध्ये तेरा आणि चौदा नंबरचे पाने सगळ्यांत आधी हाताला लागतात. व्हिटवर्थच्या पाव इंची बोल्टावरचा नट सुमारे १३.३ मिलिमीटर रुंद असतो. तेराचा पाना त्यावर चढत नाही. चौदाचा चढतो, पण सैल. जोर लावला की सटकतो, आणि प्रत्येक सटकण्यासरशी नटाचे कोपरे झिजत जातात. शेवटी नट गोल होतो. मग कोणी योग्य पाना आणून दिला तरी त्यालाही धरायला जागा उरत नाही. नट पहिल्यासारखाच घट्ट, आणि आता धरायलाही अवघड.

प्रियजनहो, हे वाचताना कोणाचा चेहरा डोळ्यांसमोर आला का? एखादा तरुण उपासनेला येईनासा होतो. आपण चारजण मिळून त्याच्या घरी जातो. बापाच्या देखत विचारतो, हल्ली दिसत नाहीस, काय झाले? तो गप्प. आपण आवाज चढवतो, वचन ऐकवतो, त्याच्या आजोबांच्या विश्वासाचा दाखला देतो. वचन खरे असते, आजोबाही खरेच भक्तिमान असतात. पण पाना चौदाचा असतो. वर्षभराने कोणी मायेचे माणूस त्याच्याकडे गेले, तर तो तोंडसुद्धा उघडत नाही. आणि आपण कमिटीत म्हणतो, त्याचे मन कठीण झाले आहे! ते कोणी कठीण केले, हा प्रश्न इतिवृत्तात येत नाही.

आता याकोबाच्या विहिरीकडे चला. भर दुपारी एक शोमरोनी स्त्री एकटीच पाण्याला आली. तिच्या आयुष्यातील सगळी गुंतागुंत प्रभूला ठाऊक होती. पाच नवऱ्यांची गोष्ट त्याला तिच्याकडून कळायची नव्हती. तरी त्याने तेथून आरंभ केला नाही. त्याने पाणी मागितले. यहूदी पुरुष असून शोमरोनी बाईपुढे तो गरजवंत झाला. तिच्या हातात घडा होता, समोर विहीर होती, आणि तहान दोघांनाही कळणारी होती. संभाषण तेथून सुरू झाले व हळूहळू तिच्या घरापर्यंत गेले. ती रागावून निघून गेली नाही. ती घडा तेथेच टाकून गावात गेली आणि लोकांना घेऊन आली. त्याच प्रभूने निकदेमासारख्या विद्वानाला मात्र सरळ टोचून विचारले, की इस्राएलाचा गुरू असून तुला हे समजत नाही काय. जक्कयाला त्याने उपदेशच केला नाही, त्याच्या घरी उतरला. तारणारा एक, तारण एक. पण हात घालण्याची जागा प्रत्येकाची निराळी होती.

उपमा फार ताणू नये, हे मी जाणतो. मनुष्य म्हणजे लोखंड नव्हे, आणि त्याला उघडणारा आपण नसून पवित्र आत्मा आहे. परंतु कॉव्हेंट्रीच्या त्या नटाची आणखी एक गोष्ट शिक्षकांसाठी सांगितली पाहिजे. त्या इंजिनातील पुष्कळ आटे ८ मिलिमीटर व्यासाचे आहेत. पाच-सोळांश इंचाचा बारीक आट्याचा नट जवळजवळ तेवढाच. तो त्यावर ठेवला तर पहिले काही फेरे हातानेही फिरतो, म्हणून मनुष्य समजतो, बसला. मग अडतो. अशा वेळी पाना लावून रेटले की आटे मरतात. आपल्या वर्गातील मुलगा पहिले तीन रविवार मन लावून ऐकतो, एवढ्यावरून आपल्याला त्याच्या आतली घडण कळली असे समजू नये. चौथ्या रविवारी तो अडला तर आवाज चढवण्याऐवजी काढून पाहावे, की आपण त्याला जे देत आहोत ते त्याच्या मापाचे आहे की शेजारच्या मुलाच्या.

आणि ज्या नटाचे कोपरे आधीच झिजले आहेत, त्याचे काय? जाणता मिस्त्री त्याला घणाने बडवत नाही. तो गंज खरवडतो, आट्याशी तेल सोडतो आणि रात्रभर तसाच राहू देतो. सकाळी हलके ठोके देतो, लागल्यास ऊब देतो, पुन्हा तेल सोडतो. मग सैल पाना बाजूला ठेवून नटाच्या सपाट बाजूंना घट्ट धरणारे सहा कोनी सॉकेट लावतो. एका नटापायी दोन दिवस गेले तरी तो त्यांचा हिशोब मांडत बसत नाही, कारण खालचा स्टड तुटला तर काम इंजिनाच्या अंगावर येते, हे त्याला ठाऊक असते.

आपल्या मंडळीतही असे एखादे घर असेल, जेथे पूर्वी कोणी कठोर बोलून गेले आहे. तेथे पुढच्या खेपेस चौघांनी जाऊ नये, एकाने जावे. वर्गणीचे पावतीपुस्तक आणि गैरहजेरीचा विषय घरीच ठेवावा. त्यांच्याकडे पाणी मागावे, चहा दिला तर घ्यावा. बोलणे त्यांच्याकडून निघाले तर मध्ये न बोलता ऐकून घ्यावे. नाही निघाले, तर उठताना पुन्हा कधी येऊ एवढे विचारावे, आणि सांगितलेल्या दिवशी जावे.