उभी राहिलेली गाडी

डोंबिवलीतील एका जुन्या इमारतीच्या आवारात, ताडपत्रीखाली, एक प्रीमिअर पद्मिनी नऊ वर्षे उभी होती. तिचे मालक कुर्ल्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. ते देवाघरी गेले आणि गाडी दोन मुलांच्या नावे राहिली. थोरला ठाण्यास, धाकटा कल्याणला. मध्ये लोकलचे अर्ध्या तासाचे अंतर. पण या नऊ वर्षांत दोघे एकमेकांच्या उंबऱ्यावर गेले नव्हते. त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला कम्युनियन देण्यास मी गेलो असता थोरला सहज बोलून गेला, "फादर, आमचं भांडण झालेलं नाही. बोलणं तेवढं राहून गेलं."

त्या कुटुंबाच्या संमतीनेच हे लिहीत आहे. त्याच्या या वाक्याने मला विचारात पाडले. जिथे कोणी काही केलेच नाही, तिथे दोष तो कसला?

आईची इच्छा एकच होती : गाडी एकदा सुरू झालेली ऐकायची. त्या पिढीला ही गाडी घरच्या माणसासारखी होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर कंपनीने इटलीच्या फियाटच्या परवान्याने ती कुर्ल्यात बनवली. १९७४ च्या सुमारास तिला पद्मिनी हे नाव मिळाले. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तरीही तिच्यावर हात बसलेले जुने मेकॅनिक आपल्या भागात अजून आढळतात. तसे एक वयस्क गृहस्थ आले. नवी बॅटरी घालून इंजिन फिरवून पाहिले. ते फिरले, पण पेट घेईना. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावून निदान सांगितले : कार्बोरेटर जाम आहे.

कार्बोरेटरचे काम हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण करण्याचे. फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल साठते. ते भरले की तरंगणारा फ्लोट वर उचलला जातो व सुईसारखी झडप वाट बंद करतो. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तिथला दाब घटतो आणि जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पेट्रोलातील हलका अंश उडून जातो आणि मागे राळेसारखा चिकट थर उरतो. तो जेट बुजवतो, सुई जागच्या जागी चिकटवतो. हल्लीच्या पेट्रोलात तर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा धरते व जुन्या धातूला खाते. मेकॅनिक म्हणाले, "फादर, गाडी चालून जेवढी बिघडत नाही, तेवढी उभी राहून बिघडते."

सेमिनरीत शिकलेला एक प्रश्न मला तेव्हा आठवला. संत थॉमस अक्वायनस आपल्या 'सुम्मा'मध्ये विचारतात : अभ्यासाने अंगी मुरलेली वृत्ती केवळ वापर थांबल्याने क्षीण होते काय? त्यांचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र, त्यांच्या मते, नुसता काळ काही नष्ट करीत नाही. वृत्तीचा वापर चालू असतो तोवर ती विपरीत विचारांना व विकारांना आवर घालते. वापर थांबला की त्यांना मोकळे रान मिळते. भेटीगाठी थांबल्याने अनेक मैत्री विरून गेल्या, हा ॲरिस्टॉटलचा दाखलाही ते देतात.

दोन भावांचे नेमके हेच झाले होते. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सानंतर 'त्याने फोन करावा' असे प्रत्येकाला वाटले. माया उडून गेली असे मी म्हणणार नाही. पण तिच्यावर तर्काचा थर चढत गेला. 'तो बदलला', 'त्याला आता गरज नाही', असे न घडलेल्या गोष्टींचे पुरावे मनात साचत गेले. म्हणूनच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या मिस्साविधीत, आरंभीच्या पापकबुलीत, विचार, शब्द व कृती यांच्या जोडीला कर्तव्य न केल्याचाही उल्लेख आला. धन्याने दिलेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या सेवकाने तरी दुसरे काय केले होते? त्याने चोरी केली नव्हती.

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक मौन हा दोष नव्हे. जिथे मारहाण आहे, छळ आहे, तिथे दूर राहणे हे स्वतःचे व मुलाबाळांचे रक्षण असते. अशा माणसाला 'तूच आधी बोल' असे सांगणे अन्याय ठरेल. मी बोलतो आहे ते कोणतेही कारण नसलेल्या मौनाविषयी.

कार्बोरेटर उतरवला गेला. थोरल्याने तार घेऊन जेट कोरायला सुरुवात करताच मेकॅनिकनी त्याचा हात धरला. पितळ मऊ असते. छिद्राचे माप मिलिमीटरच्या शतांशात मोजतात. ते एकदा रुंदावले की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते व काळा धूर ओकते. 'एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावू' म्हणणाऱ्या माणसांचेही असेच होते. सारे भाग सुटे करून वर्तमानपत्रावर क्रमाने मांडले, रात्रभर द्रावणात भिजत ठेवले, दुसऱ्या दिवशी हवेच्या झोताने साफ केले. नवी गॅस्केटे बसवली. नट बेताने आवळले, कारण जास्त आवळल्यास धातूचा काठ वाकतो.

गाडी सुरू करायला दोन माणसे लागली : एक स्टिअरिंगवर, एक इंजिनापाशी. आईने धाकट्याला बोलावून घेतले होते. "मार." "थांब." "चोक ओढ." "आता मार." नऊ वर्षांनंतर भावाभावांचे एवढेच संभाषण झाले. चौथ्या खेपेस इंजिन धडधडले. वर खिडकीशी आईला धरून बसवले होते. तिने ते ऐकले.

निघताना मेकॅनिक बजावून गेले : दर आठवड्याला पंधरा मिनिटे तरी गाडी चालू करा, नाहीतर माझी मेहनत फुकट. रविवारच्या मिस्सानंतर दोघांनी एकत्र यायचे ठरवले आहे. किती रविवार ते निभावतील, हे मला सांगता येत नाही.

माझ्या टेबलाच्या खणात सेमिनरीतील एका मित्राचे पत्र आहे. दोन नाताळ उलटले. आमचे भांडण झालेले नाही, उत्तर तेवढे राहून गेले. हा लेख संपवून मी ते लिहायला बसणार आहे.