माती, माकडहाड आणि देवाची प्रतिमा



गेल्या रविवारी मिस्सेनंतर दहावीतला एक मुलगा थांबला. "फादर, विज्ञानाच्या पुस्तकात उत्क्रांतीचे पुरावे दिलेत. कॅटेकिझमला आपण आदाम-एवा शिकलो. मग खरं काय?" मी घाईत होतो. "परीक्षेत पुस्तकातलं लिही," म्हणून मोकळा झालो. तो गेला, पण मला चैन पडेना. कागदावर एक लिहायचे आणि मनात दुसरेच ठेवायचे, हेच मी त्याला शिकवले ना?

म्हणून आज नीट उत्तर देतो.

पुरावे खरे आहेत. आपला हात, वटवाघळाचा पंख, बैलाचा पुढचा पाय पाहा. हाडांची मूळ मांडणी एकच. आपल्याला शेपटी नाही, पण कण्याच्या टोकाला माकडहाड आहे. पांडवलेणी ज्या काळ्या कातळात कोरली, तो थिजलेला लाव्हा आहे. नागपूरजवळ अशाच कातळाच्या दोन थरांमधल्या गाळात स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यांना १८५० च्या दशकात शिंपले, किडे, माशांचे खवले, फळे-बिया दगड झालेल्या सापडल्या. चंद्रपूर जिल्ह्यात पिजदुऱ्याला लाव्ह्याखालच्या थरात प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे मिळाली. हा काळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या थरांत गाय-बैल, हत्ती, माणूस कोणीच नाही. बैल आणि हत्तींची हाडे मिळतात ती आपल्या गोदावरीकाठच्या, फार नंतरच्या गाळात. जीवसृष्टी एका दिवसात अवतरली नाही, क्रमाक्रमाने आली, असे हे थर सांगतात.

यामुळे श्रद्धा डळमळते का? हिस्लॉप १८६३ मध्ये नदीत बुडून वारले. दगड गोळा करता करता त्यांनी सुवार्ताकार्य कधी सोडले नाही. सृष्टीविषयी अज्ञानाने बोलून ख्रिस्ती माणसाने श्रद्धेचे हसे करू नये, असे संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच बजावले होते. मानवी शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये मुभा दिली. उत्क्रांती ही केवळ एक कल्पना राहिलेली नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल १९९६ मध्ये म्हणाले. मात्र आत्मा थेट परमेश्वराकडून येतो, ही शिकवण दोघांनीही ठामपणे जपली. आत्मा कुठल्याही थरात खणून सापडत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने माणूस मातीतून घडवला. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेताना आपण माती असल्याचे मान्य करतो. मातीची लाज नाही, मग माकडाची का वाटावी? माणसाचे मोल कुळावरून ठरत नाही, हे आपल्या देशात वेगळे सांगायला नको. ज्याने घडवले आणि ज्याच्या प्रतिमेत घडवले, त्याच्यावरून ते ठरते.

तेव्हा बाळा, पेपरात लिहिशील ते मनापासून लिही. आणि पालकांनो, मुलांनी प्रश्न विचारला तर माझ्यासारखी घाई करू नका. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांना प्रश्नच विचारत बसला होता.

प्रभूमध्ये तुमचा,
धर्मगुरू