लावलेल्या झाडाची माया

वैराग्याच्या वयात झाड लावावे की लावू नये, हा प्रश्न वरवर पाहता हसण्यावारी नेण्यासारखा वाटेल. अहो, झाड लावणे हे पुण्यकर्म. त्यात विचारायचे काय? पण एका वयोवृद्ध माळकरी गृहस्थांनी आम्हांस पत्र लिहून तो विचारला आहे, आणि त्यांची अडचण खरी आहे.

हे गृहस्थ मूळचे आपल्याकडचे. मुलाची नोकरी पंजाबात, गुरुदासपूर जिल्ह्यात. त्याच्या मागे यांचेही बिऱ्हाड तिकडे गेले. राहावयास नोकरीतले घर, मागे हातभर परसू. गेल्या माघात त्यांनी तेथे नासपतीचे कलम लावले. आणि आता चित्त त्या कलमापाशीच अडकले आहे असे ते लिहितात. सकाळी उठले की आधी कलम, मग देव. हरिपाठ तोंडाने चालतो, कान मात्र परसात कोणाची शेळी तर शिरली नाही ना, इकडे. ज्येष्ठात वारीला निघावयाचे म्हटले की पोटात गोळा येतो, कारण तिकडे तेच दिवस भाजून काढणारे. सून पाणी घालील, पण माझ्यासारखे घालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. शेवटी विचारतात, माझा जडभरत तर होत नाही ना?

गुरुदासपूर जिल्हा वारकऱ्याला परका नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. नामदेवरायांचे घुमान त्याच जिल्ह्यात. त्यांनी उत्तरायुष्याची पुष्कळ वर्षे तेथे काढली अशी परंपरा आहे, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा इकडून गेलेल्या पुष्कळांनी ते स्थान प्रथमच पाहिले. तेव्हा आमचे पत्रलेखक परमुलखात असले तरी पोरके नाहीत.

आता नासपतीविषयी. आपल्या देशावर हे झाड कोणी फारसे लावत नाही, ते योग्यच आहे. हिवाळ्यात पाने गाळून ते झोपते, आणि पुरेशी थंडी अंगावर गेल्याखेरीज धड फुलत नाही. सोलापुरच्या हवेत ते झोपणार कधी? पंजाबच्या सपाटीवर मात्र थंडीत कडाका असतो, आणि तेथे पत्थरनाख नावाची जात चांगली होते. डोंगरातल्या जातींहून हिला थंडी कमी पुरते. नाख म्हणजे नासपती, आणि पत्थर का, ते फळ खाल्ले म्हणजे कळते. कलम लावतात ते माघाच्या सुमारास, झाड झोपेत असताना. त्या वेळी त्यावर पान नसते, मुळांवर बहुधा मातीही नसते. नुसती काठी. तरी त्या काठीवर या गृहस्थांचा जीव जडला, यात आम्हांस नवल वाटत नाही. मनुष्याचा जीव काठीवरही जडतो.

जडभरताची कथा भागवताच्या पाचव्या स्कंधात आहे. कीर्तनात ती आपण अनेकदा ऐकतो, पण घाईने ऐकतो. राजा हरिणात गुंतला, हरिण झाला, म्हणून गुंतू नये, बोला पुंडलिक वरदा! एवढ्यावर कथा आटोपते. ती जरा सावकाश पाहू. भरत हा ऋषभदेवांचा पुत्र. राज्य सोडून तो गंडकीच्या तीरी पुलहाश्रमात राहिला. एके दिवशी एक गाभण हरिणी नदीवर पाणी पीत होती. तोच सिंहाची गर्जना झाली. हरिणीने भयाने उडी घेतली, पोटातले पाडस प्रवाहात पडले, आणि ती पलीकडे जाऊन मेली. भरताने वाहत जाणारे पाडस उचलले.

येथे थांबा. त्याने ते उचलावयास नको होते, असे कोणी म्हणेल काय? डोळे मिटून जप चालू ठेवला असता आणि ते पोर धारेला लागले असते, तर त्याला वैराग्य म्हणावे की निर्दयपणा? नाथमहाराजांनी रामेश्वरी न्यावयाची कावडीतली गंगा तहानेल्या गाढवाच्या मुखात घातली, ही कथा आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. मग भरताची तेवढी चूक कशी? आमच्या मते चूक पाडस उचलण्यात नव्हती. ते पुढे आहे. पाडस मोठे झाले, गवत खाऊ लागले, स्वतःच्या पायांनी रानात जाऊ लागले, तरी राजाची काळजी मोठी झाली नाही. ती पहिल्या दिवसाचीच राहिली. हरिण जरा दिसेनासे झाले की तो कासावीस होई. त्याची नित्यकर्मे एकेक करून सुटली. हरिणाला राजाची गरज उरली नाही, पण राजाला हरिणाची गरज लागली. मरतेसमयी डोळ्यांपुढे तेच, आणि पुढचा जन्म हरिणाचा.

नाथांनी गाढवाला पाणी पाजले आणि प्रसंग तेथे पुरा झाला. गाढव वाटेत भेटले होते. पण झाडाचे तसे नाही, हे पत्रलेखकांच्या बाजूने म्हटले पाहिजे. झाड वाटेत भेटलेले नाही, तुम्ही आणून लावले आहे. ज्या मुळांना रोपवाटिकेत ओलावा होता ती तुम्ही उपटून आपल्या परसात आणलीत. आता "सर्व पांडुरंगाची इच्छा" म्हणून झारी खाली ठेवता येणार नाही. फलाशा सोडावी हे गीतेचे सांगणे आपण सर्व बोलतो, पण त्याचा अर्थ पुष्कळांनी आपल्या सोयीचा करून घेतला आहे. आशा सोडा म्हटले की ते आधी कामच सोडतात! झाड वाळले की म्हणतात, त्याचे प्रारब्ध. झाडाचे प्रारब्ध तुम्ही बादली उचलली असती तर बदलले असते.

तेव्हा काळजी घ्यावयाची आणि भरताचे होऊ द्यावयाचे नाही, अशी ही दुहेरी वाट आहे. ती पोथीत शोधण्याआधी परसातच शोधावी. कारण हे झाड असे आहे की त्याची नीट निगा राखावयाची तर पदोपदी आपला हात आवरावा लागतो.

पहिल्याच दिवशी पाहा. मीटरभर लांब, रुंद, खोल खड्ड्यात माती आणि कुजलेले शेणखत घालून कलम उभे केले, की लावणाऱ्याला वाटते, आणखी खोल लावू, म्हणजे पक्के बसेल. तसे करावयाचे नाही. कलमाचा सांधा जमिनीच्या वर वीतभर तरी उघडा राहिला पाहिजे; मायेने माती चढवली की कलमच बिघडते. मग लगेच ती काठी वरून छाटावयाची, जमिनीपासून सुमारे ७५ ते ९० सेंटिमीटर ठेवून बाकी कापून टाकावयाची. लावल्या दिवशीच शेंडा कापावयाचा! घरातली माणसे हळहळतात. पण मुळे तुटलेली असतात, त्यांना एवढा भार पेलत नाही. आणि छाटल्याखेरीज खाली चांगल्या फांद्या फुटत नाहीत. पुढे फुटलेल्या फांद्यांतूनही चौफेर पसरलेल्या तीन-चार ठेवून बाकीच्या काढाव्या लागतात.

पाण्याचेही तसेच. उन्हाळ्यात तहान लागते हे खरे, म्हणून रोज दोन वेळा आळे तुडुंब भरणारे लोक आहेत. त्यांच्या मायेने जितकी झाडे मेली तितकी दुष्काळानेही मेली नसतील. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. आळ्यात बोट दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली तर झारी तशीच परत न्यावी. खोडाभोवती थोडी मातीची भर द्यावी, म्हणजे पाणी खोडाला चिकटून उभे राहत नाही. गव्हाचे काड आळ्यात पसरले की ओल टिकते, मात्र तेही खोडापासून चार बोटे दूर. उन्हाने साल भाजू नये म्हणून खोडाला चुन्याचा हात द्यावा.

आधाराच्या काठीची गोष्ट तर भरतराजाला सांगावी अशीच आहे. वाऱ्याने मुळे हलू नयेत म्हणून काठी रोवतात आणि मऊ चिंधीने, मध्ये पीळ देऊन, खोड सैलसे बांधतात. सैलसे, कारण वाऱ्यात थोडे डोलले तरच खोड जाड होते. करकचून बांधलेले झाड उंच वाढते, पण काठी काढताच लवते. आणि चिंधी तशीच विसरली तर वाढत्या खोडात रुतून बसते. मुळे धरली, बहुधा वर्षभरात, की काठी काढून टाकावी. ती काढण्यास लोकांचा हात धजत नाही. वास्तविक झाड केव्हाच उभे राहिलेले असते.

आणखी एक पाहावे. कलम बांधतात ते रानटी नासपतीच्या खुंटावर. पंजाबात आणि हिमाचलात तिला कैंथ म्हणतात. सांध्याखाली त्या खुंटाला धुमारे फुटतात, आणि ते मोठे जोरकस, हिरवेगार असतात. नवखा मनुष्य हरखून जातो, म्हणतो, झाड काय तरारले आहे! ते तरारणे कैंथाचे. वेळीच खुडले नाही तर वरचे कलम उपाशी राहते. आम्हांस वाटते, पत्रलेखकांनी आपल्या मनातला हिरवेपणाही असाच सांध्यावरचा की खालचा, हे तपासावे. झाड जगावे ही इच्छा वरची. ते माझ्याच हाताने जगावे, सुनेच्या हाताला तो गुण येऊ नये, ही इच्छा खालून फुटलेली आहे.

त्यांच्या पत्रातले सारे उत्तर त्या एका वाक्यात आहे: सून माझ्यासारखे पाणी घालणार नाही. नाही घालणार. कदाचित अधिक चांगले घालील. जे काम दुसऱ्याच्या हाती देता येते ती सेवा. जे देववत नाही तेथे ममता शिरली आहे. बाराव्या अध्यायात माउलींनी पाण्याचा दृष्टांत दिला आहे, माळी नेईल तिकडे ते निमूट जाते. आपण परसात उभे राहिलो की स्वतःला माळी समजतो. आपण पाणी आहोत, हे बादली हातात असताना विसरायला होते.

काही जण येथे सावतोबांचे नाव पुढे करतील. अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला. आजही त्यांची पालखी पंढरीस जात नाही, पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. मग आम्ही झाडापाशीच राहिलो तर काय बिघडले? हा युक्तिवाद आम्ही पुष्कळ आळशांच्या तोंडून ऐकला आहे. सावतोबांचा मळा हा त्यांचा जन्माचा धंदा होता, त्यावर घर चालत होते. शके १२१७, म्हणजे इसवी सन १२९५ मध्ये त्यांनी देह ठेवला, तोवर ते काम सुटले नाही आणि नामही सुटले नाही. त्यांना मळा सोडून देव शोधावा लागला नाही. आमच्या पत्रलेखकांना कलमापाशी बसून देव आठवत नाही, असे ते स्वतःच लिहितात. या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्याला परसात विठ्ठल दिसतो त्याने खुशाल राहावे. ज्याला परसात फक्त आपले कलम दिसते त्याने पडशी बांधावी.

म्हणून आमचे सांगणे असे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउली निघतात. त्याच्या पंधरा दिवस आधीपासून झारी सुनेच्या हाती द्यावी आणि आपण बाजूस बसावे. बोट खुपसून ओल कशी पाहावी, धुमारे कोणते खुडावयाचे, चिंधी केव्हा सैल करावयाची, एवढे एकदा दाखवावे, दहादा नव्हे. मग निघावे. वाटेत घरी दूरध्वनी केला तर नातवंडांची विचारपूस आधी करावी. काला करून परत येईपर्यंत पंजाबात पाऊस धरलेला असतो. आल्यावर पाहावयाचे ते इतकेच, की आळ्यात पाणी साचून राहत नाही ना.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फाल्गुनात कोठे चार पांढरी फुले आली तर तीही खुडावीत. त्या वयात फळ धरले की झाडाची वाढ खुंटते. खरे फळ साधारण सहा-सात वर्षांनी. तोवर मुलाची बदली झाली असली तर येणाऱ्या बिऱ्हाडाला सांध्याची आणि धुमाऱ्यांची गोष्ट समजावून द्यावी. झाडाला भाडेकरूचे नाव ठाऊक नसते. पत्थरनाख उतरते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, तेव्हा वारकरी एक तर नुकता घरी पोहोचलेला असतो किंवा अजून वाटेत असतो. पोहोचले असलात तर एक खाऊन पाहावी. मात्र हे फळ नावाप्रमाणेच कठीण, रवाळ. त्या वेळी दात राहिले नसले तर बारीक फोडी करून गुळाच्या पाण्यात शिजवून घ्यावी, आणि सबंध फळे नातवंडांना द्यावीत.