न भरलेली जागा

बसा. आज एकच शब्द डोळ्यांपुढे धरायचा आहे : रियाध. सौदी अरेबियाच्या राजधानीचे नाव.

कोऱ्या भिंतीवर एक मोठी पाटी कल्पा. तिच्यावर हे नाव तीन ओळींत आहे. वर अरबी, मध्ये रोमन, खाली देवनागरी. पहिल्या दोन ओळी तिथल्या रस्तोरस्ती दिसतात. तिसरी आपण जोडू. अक्षरे हातभर उंच आणि जाड, लांबूनही नजरेत भरतील अशी. वळण भूमितीचे : सरळ रेघ, वर्तुळ, चौकोन, दुसरे काही नाही. हे वळण घडवणारे आपणच आहोत, आणि अजून एकही अक्षर नीट बसलेले नाही.

आधी अक्षरे पुसून टाका. भिंतीवर एक चौकोन काढा. त्याच्याशेजारी तेवढ्याच उंचीचे वर्तुळ काढा. थोडा वेळ दोन्हींकडे पाहत राहा.

वर्तुळ लहान वाटते. पट्टीने मोजले तर उंची तंतोतंत सारखी, तरी डोळा ते मानत नाही. चौकोन आपल्या ओळीला सगळ्या रुंदीने टेकतो, वर्तुळ एका बिंदूपुरते. म्हणून वर्तुळ वर आणि खाली केसभर बाहेर काढावे लागते, तेव्हा कुठे ते बरोबरीचे दिसते. आता एक आडवी पट्टी आणि एक उभी पट्टी घ्या, दोन्ही सारख्या जाडीच्या. आडवी जाड दिसेल. तिला थोडी तासा. पॉल रेनर यांचा फ्युचुरा हा 1927 चा अक्षरठसा भूमितीचा आदर्श मानला जातो. त्यातही रेघांची जाडी डोळ्याच्या कौलाने कमीजास्त केलेली आहे. कंपास सुरुवात करून देतो. निकाल डोळा देतो. हे मनात मुरू द्या.

आता अरबी ओळ परत आणा. उजवीकडून सुरू करा. अलिफ, लाम, रे, ये, अलिफ, दाद. अक्षरे सहा, पण तुकडे चारच. पहिला अलिफ एकटा, कारण तो पुढच्या अक्षराला हात देत नाही. लाम रेला धरतो आणि रे तिथेच थांबतो. ये दुसऱ्या अलिफला धरतो. शेवटी दाद एकटा. एकाच शब्दात तीन फटी आहेत. त्या रुंद झाल्या तर एका शब्दाचे चार शब्द होतील, अरुंद झाल्या तर अक्षरे एकमेकांवर चढतील. प्रत्येक फटीपाशी थांबा. तिथे शाई नाही, तरी शब्द तिथेच जुळतो किंवा मोडतो.

ही मापे जुनी आहेत. दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक्ला याने अक्षरांना प्रमाण दिले. कलमाच्या टोकाने उमटणारा तिरपा ठिपका हे एकक. अलिफची उंची ठिपक्यांत मोजायची. अलिफ हाच व्यास धरून वर्तुळ काढायचे आणि बाकीच्या अक्षरांची वळणे त्याच्याशी ताडून पाहायची. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या हाताला हे पटकन कळेल : आधी ठिपक्यांमधले अंतर नेमके, मग रेघ.

आता दादच्या डोक्यावरचा ठिपका पाहा. तो काढला तर दादचा साद होतो, निराळेच अक्षर. येच्या खालचे दोन ठिपके काढले तर तो कोणता, हेही सांगता येणार नाही. सौदीच्या वायव्येला, अल-उलाजवळ, खडकावर कोरलेला एक लेख आहे. जुहैर नावाच्या माणसाने खलिफा उमर वारले त्या सुमारास तो कोरला. साल हिजरी 24, म्हणजे इसवी सन 644-45. युनेस्कोने 2003 मध्ये तो ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत घेतला. त्यातल्या काही अक्षरांवर ठिपके आहेत. कठीण दगडावर प्रत्येक ठिपका वेगळा ठोकावा लागतो. तरी त्या माणसाने ते कष्ट घेतले. 2025 मध्ये सौदीच्या संस्कृती मंत्रालयाने ‘अल-खत अल-अव्वल’ नावाचा जो ठसा काढला, त्याचा आधार हिजरीच्या पहिल्या शतकातले असे शिलालेख आणि कुराणाच्या हस्तलिखित प्रती हाच आहे.

श्वास सोडा. मधली रोमन ओळ. सहा मोठी अक्षरे, सगळी सुटी. आर, आय यांच्यापाशी रेंगाळू नका. थेट वाय आणि ए यांच्याकडे जा. वायचे दोन हात वर फाकलेले, ‘ए’चे दोन पाय खाली फाकलेले. मोजून सारखे अंतर ठेवले, तर या दोघांमधली तिरकी पोकळी उगीच मोठी वाटते. त्यांना जवळ ओढा, एकमेकांच्या पोकळीत थोडे शिरू द्या. आता आय-वाय आणि डी-एच यांच्यामधली जागा पाहा. अंतरे वेगवेगळी आहेत, पण ओळ एकसारखी वाटते. अंतर सारखे दिसण्यासाठी ते निरनिराळे ठेवावे लागले.

आता खाली, आपल्या ओळीकडे. रि, या, ध. ज्या लिपीत लहानपणापासून वाचले, ती पाहणे सर्वांत अवघड. म्हणून आणखी सावकाश.

पहिली वेलांटी उच्चारात रच्या मागून येते, लिहिताना पुढे उभी राहते आणि शिरोरेखेच्या वर कमान टाकते. वरच्या दोन ओळींत अशी कमान नाही. तिला जागा हवी, म्हणून या ओळीच्या वर जास्त मोकळीक सोडावी लागेल. मग या : यचा दंड आणि लगेच काना, दोन उभ्या रेघा शेजारी शेजारी. जाड वळणात या दोघींमध्ये काळोख साचतो. त्यांना थोडे लांब ठेवा.

इथे एकदा वर नजर टाका. अरबीतही या जागी येनंतर अलिफ आहे. ‘आ’साठी त्यांच्याकडे उभी रेघ, आपल्याकडेही उभी रेघ. एकच साचा दोन्हीकडे वापरावा असा मोह होईल. तो नीट पाहून घ्या, आणि रेघ कुठे धरली आहे तेही पाहा. अलिफ येला पायाशी जोडलेला आहे आणि वर मोकळा आहे. काना शिरोरेखेला डोक्याशी जोडलेला आहे आणि खाली मोकळा आहे. एकाची मोकळी बाजू तीच दुसऱ्याची बांधलेली बाजू. साचा एक केला तर दोघांपैकी एक परका वाटू लागेल.

शेवटी ध. त्याच्या डाव्या भागावर शिरोरेखा तुटते. भूमितीच्या वळणाला अखंड पट्टी फार आवडते. हात आपोआप ती फट भरायला जातो. भरून पाहा. पाटीवर ‘रियाघ’ झाले. गाव बदलले. अरबीत दाद एका भरलेल्या ठिपक्याने ओळखला जातो, देवनागरीत ध एका न भरलेल्या जागेने. दोन्ही खुणा नावाच्या शेवटच्या अक्षरात आहेत, आणि वजन वाढवताना दोन्ही आधी बुजतात. ठिपका अक्षराला चिकटतो, फट मिटते.

आता तिन्ही ओळी एकत्र. डोळे अर्धवट मिटा, अक्षरे वाचता येणार नाहीत इतके. फक्त करडे पट्टे दिसतील. देवनागरीचा पट्टा गडद, कारण शिरोरेखेचे सगळे ओझे वर आहे. अरबीचा फिका, कारण अलिफ-लाम सोडले तर बाकी अंग बुटके आणि वर बरेच आकाश. तिन्हीकडे रेघेची जाडी एकच ठेवली तर हे पट्टे कधीच जुळणार नाहीत. म्हणून देवनागरीची रेघ थोडी उतरवा, अरबीचे अंग थोडे वाढवा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘बलू’ हा जाड, गोलसर ठसा अनेक भारतीय लिप्यांत आहे. उर्दू-अरबी लिपीसाठी त्यांनी ‘बलू भाईजान’ वेगळा घडवला. नात्याचे नाव दिले, पण देवनागरीची शिरोरेखा त्याच्यावर लादली नाही.

याहून जुना दाखला हेग्राचा. 2008 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले हे सौदीचे पहिले ठिकाण. तिथे काब नावाच्या माणसाने आपली आई रकोश हिच्या कबरीवर इसवी सन 267 मध्ये लेख कोरवला. मुख्य मजकूर नबाती अक्षरांत, आडव्या ओळींचा. शेजारी थमूदी अक्षरांत त्याचा थोडक्यात सारांश, उभा. उभ्या लिपीने आडवी होण्याचा प्रयत्न केलेला नाही, आडवीने उभी होण्याचा नाही. दोन्हींना समाईक आहे तो मधला न कोरलेला दगड.

आपल्या पाटीवरही तसेच. या तिन्ही लिप्यांची काळी अंगे कधीच सारखी होणार नाहीत, आणि ती व्हायला नकोत. त्यांना एका घराण्याची करते ती मोकळी जागा : अक्षराच्या पोटातली, दोन अक्षरांमधली, दोन ओळींमधली. ती तिन्हीकडे सारख्या श्वासाची झाली की वळण जुळले.

डोळे उघडा. धची फट तपासा. दादचा ठिपका तपासा. वाय आणि ए तपासा. सगळे ठीक असेल, तर रेघेचे वजन एक पायरी वाढवा, आणि चौकोन-वर्तुळापासून पुन्हा सुरुवात करा.