चाळिशीनंतर सारथी होताना

एखादा माणूस वीस वर्षे एका कारखान्यात, दुकानात किंवा कचेरीत काम करतो आणि वयाच्या 45व्या वर्षी ते काम हातातून जाते. महिनोन् महिने इकडेतिकडे विचारपूस होते, ओळखीपाळखी वापरून होतात. शेवटी एका रात्री जेवताना तो सांगतो, "मी ट्रक चालवायला शिकणार आहे." त्यावर घरात जी शांतता पसरते, तिचा आज आपण थोडा विचार करू.

त्या शांततेत भीती असते आणि ती रास्त आहे. रस्ता, रात्र, अपघात, महिन्यातले कित्येक दिवस घराबाहेर. पण नीट कान दिला तर तिच्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते, जी कोणी उघडपणे बोलत नाही. मुलीच्या लग्नाच्या बायोडाटात वडिलांचा व्यवसाय काय लिहायचा? काल ज्यांना लोक 'साहेब' म्हणत होते, त्यांना उद्या टोलनाक्यावर कोणीही 'ए ड्रायव्हर' म्हणून हाक मारणार. सर्वांच्या ठायी एकच चैतन्य आहे, असे आपण दर आठवड्याला सत्संगात ऐकतो. त्या ऐकण्याची परीक्षा अशा वेळी होते आणि ती त्या माणसापेक्षा आपली, म्हणजे त्याच्या घरच्यांची आणि स्नेह्यांची, अधिक असते.

सारथी म्हटले की आपल्याला लगेच अर्जुनाचा रथ हाकणारे भगवान श्रीकृष्ण आठवतात. ते योग्यच आहे. पण उतारवयाकडे झुकताना नवे काम शिकणाऱ्याला महाभारताच्या वनपर्वातला नल राजा अधिक जवळचा वाटेल, असे मला वाटते. निषध देशाचा हा राजा द्यूतात राज्य हरला, दमयंतीला अरण्यात सोडून गेला, कर्कोटक नागाच्या दंशाने त्याचे रूप पालटले आणि 'बाहुक' या नावाने तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहिला. एकेकाळी ज्याच्या पदरी स्वतःचे सारथी होते, तो आता दुसऱ्याचे घोडे राखू लागला.

या कथेतला विदर्भाकडे निघालेल्या प्रवासाचा भाग पुन्हा वाचून पाहा. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता आल्यामुळे ऋतुपर्णाला एका दिवसात कुंडिनपूर गाठायचे आहे. बाहुक दिसायला कृश असे घोडे निवडतो. राजाला शंका येते, पण बाहुकाला घोड्यांची पारख आहे. वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण केवळ पाहून त्याच्या पानांची आणि फळांची संख्या सांगतो. मालकाला घाई झालेली असताना हा सारथी काय करतो? रथ थांबवतो आणि मोजून पाहतो! संख्या बरोबर निघते. मग तो ऋतुपर्णाकडून ती विद्या मागून घेतो आणि बदल्यात अश्वविद्या देऊ करतो. ही द्यूताची आणि गणनेची विद्या मिळताच त्याच्या देहात ठाण मांडून बसलेला कली बाहेर पडतो. ज्या अज्ञानामुळे राज्य गेले, ते अज्ञान सिंहासनावर असताना गेले नव्हते. ते सारथ्याच्या जागी बसल्यावर, स्वतःच्या प्रवाशाकडून शिकताना गेले. "मी पूर्वी राजा होतो" हे त्याने त्या वाटेवर एकदाही सांगितले नाही.

नव्याने शिकणाऱ्या प्रौढ माणसाला हेच सर्वांत जड जाते. गिअर आणि क्लच हाताला-पायाला सवयीने जमतात. आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेला उस्ताद चारचौघांत ओरडतो, "आरसा बघा, काका, आरसा!" तेव्हा मनात उसळणारे वाक्य गिळणे सहजी जमत नाही. आपल्यापैकी अनेकांनी अहंकार कमी करण्यासाठी वर्षानुवर्षे जप केला असेल. रिव्हर्स घेताना लोखंडी खांब तिसऱ्यांदा पडला की तो अहंकार किती उरला आहे, हे दोन मिनिटांत कळते.

शिकण्याची वाटही लहान नाही, हे आधी समजून घ्यावे. व्यावसायिक वाहनासाठी किमान वय 20 आहे, कमाल वयाची अट नाही. पण अवजड वाहनाच्या शिकाऊ परवान्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागते. आठवी उत्तीर्ण असण्याची अट 2019 मध्ये काढून टाकली गेली. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी 2021 मध्ये आलेल्या नियमांत अवजड वाहनाचा अभ्यासक्रम 38 तासांचा, सहा आठवड्यांत पुरा करायचा आहे. आपण डोळ्यांच्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतो, तेव्हा नेत्रतपासणी स्वतःहून आणि प्रामाणिकपणे करून घ्यावी. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

कारण येथे प्रश्न आपल्या एकट्याचा राहत नाही. दहा चाकी ट्रकचे मालासह वजन 28.5 टनांपर्यंत असू शकते. घाट उतरताना असे वाहन न्यूट्रलमध्ये टाकले किंवा इंजिन बंद केले तर थोडे डिझेल वाचते. त्याच वेळी इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तळाशी पोचेपर्यंत निकामी होऊ शकतात. पुण्याजवळ नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर झालेले अपघात आपण वर्तमानपत्रांत वाचले असतील. जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. हे यंत्राचे ज्ञान आहे, आणि अहिंसेचे आचरणही आहे. पुढच्या दुचाकीवर बसलेल्या अनोळखी माणसाचा जीव आणि वाचणारे डिझेल, यांतली निवड उतारावर कोणी पाहत नसताना करायची असते.

आता स्वधर्माचा प्रश्न. काही साधक विचारतात, गीतेने स्वधर्म सोडू नये असे सांगितले आहे, मग निम्मे आयुष्य एका व्यवसायात घालवून दुसरा धरणे हा परधर्म नव्हे काय? अर्जुनाची स्थिती आठवा. समोर आलेले कर्तव्य वेदना देणारे होते, म्हणून त्याला भिक्षा मागून जगणे बरे वाटू लागले होते. भगवंतांनी त्याला त्या पळवाटेपासून परत आणले. म्हणून विचारायचा प्रश्न असा की, मी कशापासून पळतो आहे का? घरातली भांडणे नकोशी झाली, वृद्ध आईचे आजारपण सोसवेना आणि लांबचा मोकळा रस्ता खुणावू लागला, तर ट्रक हे त्या माणसाचे अरण्य आहे. तेथे जाऊन त्याला शांती मिळेल असे मला वाटत नाही. पण मुलांचे शिक्षण आणि घराचे हप्ते उचलायचे म्हणून तो निघाला असेल, तर गृहस्थाचा धर्म जागच्या जागी आहे, साधन तेवढे बदलले.

नंदुरबारमध्ये वाढलेल्या आणि भोपाळला राहणाऱ्या योगिता रघुवंशी यांच्याकडे वाणिज्य आणि कायदा या दोन्हींच्या पदव्या होत्या. पतीच्या अपघाती निधनानंतर दोन मुलांना वाढवायचे होते आणि वकिलीत जम बसेपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते. त्यांनी ट्रकचा व्यवसाय सांभाळला आणि पुढे स्वतःच स्टिअरिंग हाती घेतले. स्त्रीने हे काम करणे तर आणखी अवघड. पदवी वाया गेली, असे म्हणणारे तेव्हाही असतीलच.

कौतुक करताना वास्तव झाकू नये. मोटार परिवहन कामगारांसाठीच्या 1961च्या कायद्याने दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घातली होती. महामार्गावर ती किती पाळली गेली, हे कोणत्याही ढाब्यावर विचारावे. माल वेळेत पोचवण्याचा तगादा असतो, उभे राहायला सुरक्षित जागा मिळत नाही, पाठ धरते, जेवणाच्या वेळा बिघडतात. ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली. जुने ट्रक मात्र पुष्कळ वर्षे रस्त्यावर राहतील. कर्ज काढून पहिल्याच वर्षी स्वतःचा ट्रक घेणे मला तरी धोक्याचे वाटते.

आणि साधकांसाठी एक वेगळी सूचना. ब्राह्ममुहूर्तावर उठण्याची आपली सवय चांगली आहे, पण मध्यरात्री एक वाजता माल उतरवला असेल तर त्या दिवशी झोप पुरी करणे हाच नियम समजावा. पहाटेच्या दोन-तीन तासांत माणसाला डुलकी सर्वाधिक लागते आणि नामस्मरण चालू आहे म्हणून डोळे मिटायचे थांबत नाहीत. जपाची वेळ बदलता येते. निघण्यापूर्वी ट्रकभोवती एक फेरी मारावी, टायर ठोकून पाहावेत, हवेच्या दाबाचा काटा पाहावा, दोरखंड आणि ताडपत्री तपासावी. मालक कितीही घाई करो, बाहुकासारखे खाली उतरून मोजून घ्यावे.

परवाना हाती आल्यावर लगेच एकट्याने लांबचा पल्ला घेऊ नये. पहिले काही महिने अनुभवी चालकाबरोबर दुसरा चालक म्हणून जावे, पगार कमी मिळाला तरी. घरच्यांनी त्या काळात रोज ठरलेल्या वेळी फोन करण्याचा आग्रह धरू नये, कारण तो कदाचित घाटात असेल. गाडी उभी केली की त्यानेच करावा. आणि तो सुट्टीवर घरी येईल तेव्हा पाहुण्यांसमोर त्याचा व्यवसाय विचारला गेला, तर उत्तर त्याच्या मुलीला देऊ द्या.