कव्हरवरचा चेहरा

अमेरिकन कंट्री गायक चार्ली प्राइडची रसिकांशी ओळख दोन हप्त्यांत झाली. आधी आवाजाची, मग चेहऱ्याची. १९६६च्या सुरुवातीला आरसीए व्हिक्टर कंपनीने त्याची पहिली रेकॉर्ड रेडिओ केंद्रांकडे धाडली, तेव्हा नव्या गायकाचा एरवी सोबत जाणारा फोटो तिच्याबरोबर नव्हता. नाव छापलं होतं ‘कंट्री चार्ली प्राइड’. हा गायक कृष्णवर्णीय असेल अशी शंका फारशी कुणाला आली नाही. त्याच वर्षी ‘कंट्री चार्ली प्राइड’ याच नावाने त्याचा पहिला अल्बम आला आणि एलपीच्या कव्हरवर त्याचा फोटो छापला गेला. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

कंपनीच्या या युक्तीचं कौतुक नेहमी होतं. मला ते पटत नाही. बाजारातली जोखीम कंपनीने टाळली खरी, पण तिची किंमत गायकाने मंचावर उभं राहून मोजली. डेट्रॉइटच्या ऑलिंपिया स्टेडियममधल्या कार्यक्रमाची आठवण प्राइड पुढे अनेकदा सांगत असे. नाव पुकारताच टाळ्यांचा कडकडाट झाला, तो मंचावर आला आणि टाळ्या विरत गेल्या. हजारो माणसं गप्प. तेव्हा आपल्या रंगावर त्यानेच हलकीशी कोटी केली, वातावरण सैल केलं आणि गायला सुरुवात केली. समोरच्यांच्या मनातला संकोच दूर करणं हेही त्याचंच काम ठरलं. गोऱ्या गायकाला मंचावर नुसतं गाऊन भागत होतं.

हा संकोच आला कुठून? अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे आणि काळे एकमेकांचं संगीत पिढ्यान् पिढ्या ऐकत आले होते. बॅन्जोची मुळं तर आफ्रिकेतली. १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी कॅटलॉग वेगळे केले, काळ्यांसाठी एक आणि गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकासाठी दुसरा. विक्रीच्या सोयीसाठी ओढलेली रेघ पुढे जणू निसर्गनियम झाली. मिसिसिपीतल्या स्लेज गावी कुळाने शेती करणाऱ्या प्राइडच्या वडिलांनी ती कधी मानली नाही. शनिवारी रात्री ते रेडिओवर ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा मंचावरून प्रसारित होणारा कंट्री संगीताचा कार्यक्रम लावत. दिवसभर कापूस वेचणारी पोरं तेच ऐकत मोठी झाली. त्यामुळे प्राइड ‘गोऱ्यांचं’ गाणं गातो असं कुणी म्हटलं की मला राग येतो. त्याच्या घरचं गाणं तेच होतं.

प्राइडच्या त्या पहिल्या अल्बममधली बरीच गाणी आधी इतरांनी गाजवलेली आहेत: ‘डेट्रॉइट सिटी’, ‘ग्रीन ग्रीन ग्रास ऑफ होम’, जॉनी कॅशचं ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’. नवख्या गायकाने असं करावं यात नवल नाही. तरी हार्लन हॉवर्डच्या ‘बस्टेड’पाशी मी दर वेळी थांबते. कापसाचा भाव पडलेला, देणी थकलेली, घरात पैसा नाही, अशा शेतकऱ्याचं हे गाणं. रे चार्ल्सने ते भरघोस वाद्यवृंदासह गायलं होतं. प्राइडच्या उबदार, भारदस्त आवाजात ते सरळ येतं. तो हुंदका देत नाही, सूरही उगाच ताणत नाही. कापूस वेचून हात सोलवटलेल्या माणसाला दारिद्र्याचा अभिनय करावा लागत नाही, हे कानाला कळतं. नागरी हक्कांच्या धगधगत्या काळात प्राइडने उघड भूमिका घेतली नाही, असा आक्षेप घेतला जातो. हे गाणं ऐकल्यावर मला तो आक्षेप अपुरा वाटतो. मोर्चात नसलेल्या माणसाच्याही गाण्यात त्याचं जगणं असतं.

१९७१ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षातला सर्वोत्कृष्ट कलाकार ठरवलं. दार उघडलं, असं तेव्हा अनेकांना वाटलं असेल. पण त्याच सुमारास लिंडा मार्टेलचं काय झालं ते पाहावं. ऑप्रीच्या मंचावर एकटीने गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिचा पहिला अल्बम ‘कलर मी कंट्री’ १९७० मध्ये निघाला. त्यावर तिचा चेहरा होता, आवाज कसदार होता, आणि अल्बम काढणाऱ्या कंपनीचं नाव होतं प्लँटेशन रेकॉर्ड्स. तिचा दुसरा अल्बम कधीच आला नाही.