हाती येणारी पाने



सत्कृत्याचा हिशोब ठेवला, तर ते सत्कृत्य राहते काय? प्रश्न जुना आहे. पण या वेळी तो माझ्यापुढे आला तो पत्त्यांच्या डावात. सुटीत माझा भाचा दोन खेळ घेऊन आला. दोन्ही २०१२ साली अमेरिकेत निघालेले आणि दोहोंचे नायक चित्रकथांतील महावीर. एक डेविन लो यांनी रचलेला, मार्व्हलच्या वीरांचा ‘लेजेंडरी’. दुसरा डीसी कॉमिक्सचा, सुपरमॅन व बॅटमॅन यांचा.

या प्रकारच्या खेळाला वळण दिले ते २००८ साली आलेल्या ‘डोमिनियन’ने. आरंभी प्रत्येकाजवळ सारखीच, साध्या पानांची लहान गड्डी असते. तिच्या बळावर मधल्या पानांतून अधिक समर्थ पाने मिळवायची. मिळवलेले पान सहसा तत्काळ वापरता येत नाही. ते टाकलेल्या पानांत जाते. गड्डी संपली की ती पाने पिसून नवी गड्डी होते, आणि मग ते हाती येते. नेहमीच्या डावात वाईट पाने आली तर वाटणाऱ्याला बोल लावता येतो. येथे तशी सोय नाही. बहुतेक पाने आपणच जमवलेली असतात.

‘लेजेंडरी’त खेळाडू एका बाजूला व खलनायक दुसऱ्या बाजूला. शहराचे पाच भाग मांडलेले असतात. दुष्ट गटारातून शिरतात आणि पुलावरून निसटतात. जाताना ते निरपराध माणसांना धरून नेतात. सूत्रधार जिंकला तर सारे हरतात. माणसे जोडण्याचे बळ वेगळे आणि लढण्याचे बळ वेगळे. हरवलेला दुष्ट आपल्या गड्डीत येत नाही. तो बाजूला, विजयाच्या ढिगात जातो.

डीसीच्या खेळात सहकारी, शस्त्र व दुष्ट हे सारे एकाच शक्तीने मिळवावयाचे असतात, आणि मिळालेला दुष्ट आपल्याच गड्डीत शिरतो. जोकरला हरवणाऱ्या बॅटमॅनच्या हाती पुढे जोकर येतो. मग या दुष्टांची शक्ती वापरावयाची कोणावर? समोर बसलेल्या दुसऱ्या वीरावर! भाषांतरकाराच्या सवयीने मी पानांवरील शब्द वाचत होतो. तेथे ‘दुसरा खेळाडू’ असे म्हटलेले नाही. ‘वैरी’ याच अर्थाचा शब्द आहे.

यावरून पहिला खेळ नीतीचा व दुसरा अनीतीचा, असा निकाल मी देऊ लागलो होतो. वस्तुतः तो न्याय्य नाही. ज्या साधनाने आपण जिंकतो ते आपल्यातच राहते आणि पुन्हा हाती येते, हे सत्य दुसरा खेळ अधिक प्रामाणिकपणे सांगतो. उलट, पहिल्यात सर्वांनी मिळून शहर वाचवल्यावर गुण मोजले जातात आणि ज्याचे गुण अधिक तो विजेता ठरतो. सोडवलेल्या प्रत्येक माणसाचा एक गुण. त्या माणसाला नाव नाही. आपल्या भाषेत ‘गुण’ म्हणजे सद्गुणही आणि परीक्षेतील आकडाही. एकाच्या जागी दुसरा केव्हा येऊन बसतो, हे आपल्याला कळतही नाही.

हे मी दुसऱ्यांना उद्देशून लिहीत नाही. दर महिन्याच्या अहवालात भाषांतरित झालेल्या वचनांची संख्या मी लिहितो. एका दुपारी एक वृद्ध गृहस्थ, आदल्या दिवशी मी विचारलेल्या एका शब्दाचा त्यांच्या बोलीतील अर्थ सांगावयास, उन्हातून चालत आले. माझी चार वचने बाकी होती. मी त्यांना उद्या येण्यास सांगितले. ते आले नाहीत. आकडा मात्र पूर्ण भरला. पुढे कोणी दार वाजवले की माझी नजर आधी कागदावरील आकड्याकडे जाऊ लागली. त्या दुपारी मी एक पान घेतले होते. ते वारंवार हाती येत होते.

तर मग हिशोबच ठेवू नये काय? प्रभू येशूच्या दृष्टांतातील शोमरोनी आठवा (लूक, अध्याय १०). तोही मोजतो. उतारशाळेच्या रखवालदाराला तो दोन दिनार देतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन असे सांगतो. परंतु तो मोजतो ते द्यावयाचे, मिळवलेले नव्हे. वाटेवर पडलेल्या माणसाचे नाव दृष्टांतात नाही, तसे सोडवणाऱ्याचेही नाही. मला वाटते, हिशोबाने सत्कृत्य नासत नाही. हिशोब आपल्या नावे जमेला लागला, म्हणजे नासते. सोडवलेल्याची सुटका तरीही खरीच असते. पण सोडवणाऱ्याची गड्डी बिघडत जाते.

ती सुधारता येते काय? ‘लेजेंडरी’त जखमेची पाने असतात, ती निरुपयोगी, नुसती हातात जागा अडवणारी. त्यांवर एक नियम आहे. आपल्या पाळीला कोणालाही जोडावयाचे नाही आणि कोणाशीही लढावयाचे नाही, असे ठरवले तर हातातील साऱ्या जखमा काढून टाकता येतात. एक पाळी मिळकतीविना सोडावी लागते, एवढेच. भाचा म्हणाला, “मामा, असं कुणी फारसं करत नाही. मागे पडायला होतं.”

पुढच्या आठवड्यात एके सकाळी मी लेखणी ठेवली आणि त्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांनी तो शब्द सांगितला, आणि चहा होईपर्यंत आणखी पुष्कळ सांगितले. त्या महिन्याचा आकडा कमी भरला.

वाचकहो, आपल्या मंडळीच्या, संस्थेच्या, घराच्याही अहवालात आकडे असतात आणि ते असावेत. मात्र ते लिहिताना एकदा आपल्या हातातील पाने उलटून पाहा. ती कोणी वाटलेली नाहीत.